व्हॉल्व्ह बंद करू नये

१

नॉर्मंड पेलेटिए कुठल्याही घरी कामाला गेला की आधी तळघरात उतरत नसे. अमेरिकेतल्या वूनसॉकेटमध्ये घरं तळघरातल्या बॉयलरच्या वाफेने तापवत. तिथले बाकीचे वाफेचे मिस्त्री दारातून थेट बॉयलरकडे धावत, आणि नॉर्मंड त्यांना मनसोक्त हसे. "बॉयलर कुठे पळून जातोय का?" तो म्हणे. तो आधी घरभर फिरे, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत. वाफेने खोली तापवणाऱ्या प्रत्येक लोखंडी रेडिएटरवर तळहात ठेवी आणि कुठे वाफ पोचते, कुठे अर्ध्यात थांबते, ते वहीत टिपून घेई. छत्तीस वर्षं हा नेम चालू होता. रेडिएटर कितीही खोटं बोलला तरी हाताला फसवू शकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं आणि आजवर ते खोटं ठरलं नव्हतं.

त्या बुधवारी तो टेकडीवरच्या कोलेट ब्रोडरच्या घरी गेला. गिरणीच्या जुन्या मुकादमासाठी बांधलेलं ते तीन मजली घर कोलेट आणि तिच्या नवऱ्याने उन्हाळ्यात घेतलं होतं. नवरा ट्रक घेऊन ओहायोकडे गेलेला. कोलेट एकटी होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"मिस्टर पेलेटिए, शुक्रवारी माझं बाळ घरी येतंय," तिने कोटसुद्धा काढू न देता सांगितलं. "सात आठवडे आधी झालाय. एमिल. आत्तापर्यंत काचेच्या पेटीत होता. नर्सनी बजावलंय, खोली बहात्तर अंश फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये. आणि त्याच्या खोलीत चौसष्टच्या वर काटा चढतच नाहीये हो."

"चढेल."

"आधी दोघं येऊन गेले. त्यांनाही असंच वाटलं होतं."

"ते दोघं आधी तळघरात गेले असतील," नॉर्मंड म्हणाला. "पोरी, शुक्रवारपर्यंत तुझ्या लेकाला त्या खोलीत दुपटं काढून टाकावंसं वाटेल, बघ. कॉफी टाक तोवर."

तिसऱ्या मजल्याच्या मागच्या टोकाला, छपराखाली, एक लहानशी खोली होती. आत काही म्हणजे काही नव्हतं. खिडकीखाली एक रेडिएटर, बस्स. नॉर्मंडने सवयीने हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. तो तापून लाल व्हायचा बाकी होता. पण खोलीत त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याने खिडकी तपासली. घट्ट बंद. दाराची फट, जमिनीच्या फळ्या, छपराचा कोपरा, सगळीकडे ओला हात फिरवून पाहिला. कुठूनच वारा येत नव्हता. थंड रेडिएटर आणि थंड खोली त्याने हजारदा पाहिली होती. तापलेला रेडिएटर आणि थंड खोली हे पहिल्यांदाच होतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या नजरेला खटकली. जुन्या घरात रेडिएटरच्या वरच्या भिंतीवर काळपट पट्टा उठतोच, गरम हवा धूळ वर नेते म्हणून. इथे खिडकीच्या चौकटीवर आणि वरच्या भिंतीवर तसलं काही नव्हतं. रंग पिवळा पडला होता, पण स्वच्छ होता. जणू इथून गरम हवा कधी वर गेलीच नव्हती.

"खालच्या बाळाची वाफ ही रिकामी खोली खातेय," खाली येऊन तो म्हणाला. "चोर सापडला. वरचा व्हॉल्व्ह कुणी उघडा ठेवलाय?"

"आम्ही तर हात लावला नाही," कोलेट म्हणाली. "त्या खोलीत आम्ही जातच नाही. का कोण जाणे, जावंसं वाटत नाही."

"थंडी आहे ना, म्हणून," नॉर्मंडने सांगून टाकलं.

२

मग तो तळघरात उतरला. बॉयलर जुन्या कोळशाच्या काळातला होता. पुढे कधीतरी त्याला तेलाचा बर्नर बसवला होता. पण कोळशाच्या लोखंडी जाळ्या कुणी भंगारात दिल्या नव्हत्या. काढून, तेल लावून, भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, अर्ध्या तासात परत बसवता येतील अशा. शेजारच्या कोठीत कोळशाचा ढीग होता. नीट रचलेला, वर ताडपत्री. फावडंसुद्धा पुसलेलं. चाळीस वर्षांत इथे कोळसा जळला नसेल. जुन्या माणसांना काही टाकवत नाही, असं म्हणत नॉर्मंड हसला.

कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. वाफेचे मिस्त्री आपण काय केलं ते बॉयलरजवळ लिहून ठेवतात, पुढच्याची डोकेफोड वाचावी म्हणून. नॉर्मंडने बॅटरी धरली.

१९२७. तिसरा मजला, मागची खोली. व्हॉल्व्हचा दांडा अडकलाय. उघडाच ठेवणे.

१९३९. तिसरा मजला मागे. बंद केल्यास पाइपात पाणी अडकून ठोके बसतील. उघडा ठेवणे.

१९५२. मागची खोली. पॅकिंग गेलंय. फिरवू नये.

१९६८. तिसरा मजला मागे. आटे झिजलेत. व्हॉल्व्ह बंद करू नये. ओ. पेलेटिए.

शेवटच्या ओळीचं हस्ताक्षर त्याच्या बापाचं होतं. ओव्हिला पेलेटिए, ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला. नॉर्मंडला जरा अभिमान वाटला आणि जरा चेव आला. तो पान्हा घेऊन तीन जिने चढून पुन्हा त्या खोलीत गेला.

व्हॉल्व्ह लोण्यासारखा फिरला. दांडा अडकला नव्हता. पॅकिंगमधून वाफेचा थेंब येत नव्हता. आटे कालच पाडल्यासारखे होते. पाइपचा उतार त्याने लेव्हल लावून बघितला, तोही अगदी बरोबर. तिथे पाणी अडकायला जागाच नव्हती.

म्हणजे चार मिस्त्री, चार कारणं, आणि चारही खोटी. एक माणूस आळस करील हे तो मान्य करायला तयार होता. दोन असते तरी त्याने सोडून दिलं असतं. पण त्यातला एक ओव्हिला होता, आणि ओव्हिलाने जन्मात कधी काम टाळलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटलं खरं. पण खाली एका बाळाची खोली चौसष्टवर अडली होती आणि वर एक भुतासारखी रिकामी खोली वाफ पीत होती. यात विचार तो काय करायचा? त्याने व्हॉल्व्ह घट्ट बंद केला.

३

पुढचं काम म्हणजे त्याच्या हातचा मळ होता. बाळाच्या खोलीतला रेडिएटर पुढच्या अंगाला झुकला होता. त्याने पुढच्या पायांखाली पाचरी मारून तो सरळ केला. रेडिएटरच्या कुशीला चांदीच्या रंगाचं छोटं व्हेंट असतं. वाफ येताना ते आतली हवा बाहेर सोडतं आणि वाफ पोचली की मिटतं. तेही बदलून मोठं बसवलं. तळघरातल्या मुख्य पाइपवर नवं आवरण चढवलं. दुपारी एकला बाळाच्या खोलीत काटा बहात्तरवर आला. दोनला चौऱ्याहत्तर.

कोलेट नव्या पांढऱ्या पाळण्याशी उभी राहून रडायलाच लागली. मग तिने त्याला मांस भरून ओव्हनमध्ये भाजलेल्या मीट-पायचा एवढा मोठा तुकडा वाढला की त्याला पट्टा सैल करावा लागला.

"तुम्ही देवमाणूस आहात हो."

"देवमाणूस कसला, वाफमाणूस," नॉर्मंड म्हणाला. त्याची छाती फुगली होती हे मात्र खरं.

बूट घालताना त्याला वरून आवाज आला. बारीक, लांब, आत ओढल्यासारखा.

"हे काय?" कोलेटने विचारलं.

"वरचा रेडिएटर निवतोय. निवताना व्हेंटमधून हवा आत घेतो. दहा मिनिटांत थांबेल."

तो बोलत उभा राहिला. हवा किती आत जाते, ते त्याला ठाऊक होतं. एवढ्याशा रेडिएटरच्या पोटात दोन बादल्या हवा मावणार. वीस मिनिटं झाली. तो आवाज एकदाही न तुटता चालूच होता. नवं व्हेंट टाकायला हवं, असं त्याने वहीत लिहिलं आणि निघाला.

४

बापलेक एकाच घरात राहत, ओव्हिला खालच्या मजल्यावर, नॉर्मंड वरच्या. बायको गेल्यापासून नॉर्मंड संध्याकाळी पाचला बापाकडेच जेवे. त्या दिवशी वाटाण्याचं सूप होतं. म्हातारा चौऱ्याऐंशीचा, पण नाकावर माशी बसू देत नसे.

"टेकडीवरच्या मुकादमाच्या घरात गेलो होतो आज," नॉर्मंड म्हणाला. "पापा, तुमचं अक्षर बघितलं. आटे झिजलेत म्हणे! आटे तर नवरीच्या दागिन्यासारखे चकचकीत आहेत."

ओव्हिलाने चमचा खाली ठेवला.

"बंद केलास?"

"केला."

"व्हॉल्व्ह खराब आहे तो."

"काही खराब नाही. मी स्वतः फिरवून बघितला."

"मी सांगतोय ना, खराब आहे म्हणून."

"पापा, छत्तीस वर्षं झाली मला या धंद्यात."

"मला एकसष्ट. घरात कोण राहतं?"

"एक पोरगी. शुक्रवारी तिचं बाळ येणार आहे इस्पितळातून. दिवस भरायच्या आधीच झालेलं."

म्हाताऱ्याने सुपाची ताटली बाजूला सारली. "उद्या जा आणि उघडून ये," तो म्हणाला.

"आणि बाळाची खोली? ती पुन्हा चौसष्टवर जाऊ दे? रिकाम्या खोलीसाठी बाळाला थंडीत ठेवू? कारण सांगा, मग जातो."

"कारण लिहिलंय मी दारावर."

"ते खोटं आहे."

"मग त्याहून बरं एखादं तू शोध," ओव्हिला म्हणाला आणि उठून खोलीत गेला. सूप तसंच राहिलं.

म्हातारा आता थकला, असं नॉर्मंडने ठरवून टाकलं. गुरुवारी तो गेला नाही. शुक्रवारीही नाही.

५

शनिवारी सकाळी साडेआठला फोन आला. कोलेटचा आवाज ओळखू येत नव्हता.

"खोली चोपन्नवर आलीये. रेडिएटर तापलाय, हात लावला की भाजतोय. मी रात्रीपासून एमिलला छातीशी धरून बसलेय. त्याच्या अंगात ऊबच येत नाहीये. डॉक्टर म्हणतात, अंगाचं तापमान अजून अर्धा अंश उतरलं तर इस्पितळात घेऊन निघा. मिस्टर पेलेटिए, तुम्ही म्हणाला होतात ना..."

"आलोच," तो म्हणाला.

बाहेर लखलखीत ऊन आणि हाडं फोडणारी थंडी होती. बाकीचं घर उबदार होतं. स्वयंपाकघरात कोट नको वाटत होता. जिना चढून त्याने बाळाच्या खोलीचं दार उघडलं आणि त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

त्याने रेडिएटरवर हात ठेवला. चटका बसला. एक बोटभर वर उचलला. गार. पुन्हा ठेवला, चटका. पुन्हा उचलला, गार. लोखंडातून उष्णता बाहेर पडत होती आणि बोटभर अंतरावर कुणीतरी ती सगळीच्या सगळी घेत होतं. हाताला फसवता येत नाही हे त्याचंच म्हणणं होतं. आत्ता त्याला त्या हाताचा राग आला.

पाळणा रेडिएटरला लागून होता.

"हा इथे कुणी सरकवला?"

"मीच," कोलेट म्हणाली. ती दारात उभी होती, बाळाला झग्याच्या आत घेऊन. "काल रात्री. म्हटलं जरा जवळ ऊब मिळेल. तिथे ठेवल्यावरच तो जास्त गार पडायला लागला."

झग्यातून बाळाचं इवलंसं तोंड दिसत होतं. ओठ निळसर. ते रडत नव्हतं. आईच्या खांद्यावरून ते रेडिएटरच्या जरा वर, जिथे काहीच नव्हतं तिथे, टक लावून बघत होतं. मग त्याची नजर हळूहळू सरकली. रेडिएटरवरून पाळण्यावर आली. पाळण्यावरून आणखी अलीकडे, आईच्या कोपरापाशी. कोलेटने दचकून कोपर आत घेतलं.

"कुणीतरी गार हात लावल्यासारखं झालं," ती म्हणाली.

नॉर्मंडच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वरची खोली वाफ चोरत नव्हती. वरच्या खोलीत कुणीतरी शेकत बसलं होतं. नॉर्मंडने त्याची शेकोटी विझवली होती आणि ते ऊब शोधत खाली आलं होतं. लोखंडाची ऊब पुरली नाही, म्हणून आता त्याहून मऊ ऊब त्याला सापडली होती.

"त्याला घे आणि स्वयंपाकघरात जा," तो म्हणाला. "पळ! ओव्हनचं दार उघड आणि त्याच्यासमोर बस. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

"पण झालंय काय?"

"व्हॉल्व्ह खराब आहे," असं म्हणत तो जिना चढला.

६

वरच्या खोलीत ते आत ओढणं अजून चालूच होतं. त्याने गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह पुरता उघडला. खाली कुठेतरी पाइप कुरकुरला. टक, टक, टक करत वाफ भिंतीतून वर येऊ लागली. आत ओढण्याचा आवाज थांबला. क्षणभर काहीच नाही. मग व्हेंटने फुस्स करून हवा बाहेर सोडली आणि रेडिएटरची पहिली नळी तापली.

नॉर्मंड उठून दारापर्यंत मागे आला. त्याला निघून जायचं होतं. पण काम झालं की ते चाललं की नाही, हे बघितल्याशिवाय तो कधी कुठून हललेला नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत. फक्त थंडी वर आली. आधी त्याच्या घोट्यांना लागली, मग गुडघ्यांना. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की आपण अंग चोरतो, तसा नॉर्मंड भिंतीला चिकटला आणि त्याने वाट दिली. ती थंडी त्याच्या छातीला घासून आत गेली. तिला ओल्या लोकरीचा वास होता.

सकाळचं तिरपं ऊन खिडकीतून रेडिएटरवरून समोरच्या भिंतीवर पडलं होतं. तापलेल्या हवेची सावली त्याने आयुष्यभर बघितली होती. उन्हात भिंतीवर ती पाण्यासारखी थरथरते. आताही ती थरथरत होती. रेडिएटर तापत गेला तशी सगळी भिंत हलायला लागली.

एक जागा सोडून.

मधोमध तेवढी जागा हलत नव्हती. तिला कडा होती. वाकलेली पाठ, खांदे, रेडिएटरवर पसरलेले दोन हात. बोटंसुद्धा वेगवेगळी दिसत होती. आकार मोठ्या माणसाचा नव्हता. तो आकार शहारत होता, थंडीने काकडलेलं माणूस शेकायला बसलं की पहिल्यांदा शहारतं तसाच. नॉर्मंडला भीती वाटली, पण त्याहून जास्त पोटात तुटलं.

मग डोक्याची कड सरकली. नाकाची रेघ भिंतीवर उमटली, कपाळ, हनुवटी. आणि ती रेघ हळूच पुसली गेली. म्हणजे तोंड आता त्याच्याकडे वळलं होतं.

नॉर्मंडने दार ओढून घेतलं.

७

अकरा वाजता बाळाच्या खोलीत काटा बहात्तरवर होता. व्हॉल्व्ह वर पूर्ण उघडा असूनही. नॉर्मंडने बॉयलरचा दाब जरा वाढवला होता, एवढंच. एमिल गुलाबी होऊन भोकाड पसरत होता. इतका गोड आवाज आपण जन्मात ऐकला नाही असं नॉर्मंडला वाटलं.

"नक्की काय बिघडलं होतं?" कोलेटने विचारलं.

"वरच्या व्हॉल्व्हची बैठक गेलीये. बंद केला की सगळ्या घराचा तोल जातो. तो उघडाच ठेवायचा, कायमचा. खोली रिकामी असली तरी."

"बदलता नाही येणार?"

"नाही येणार," नॉर्मंड म्हणाला. खोटं बोलायला इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

निघण्याआधी त्याने कोठीच्या दारावर बापाच्या खाली लिहिलं. तिसरा मजला, मागची खोली. व्हॉल्व्हची बैठक गेली आहे. बंद करू नये. न. पेलेटिए.

पाचला तो जेवायला खाली आला. बाहेर वारा सुटला होता आणि बर्फ आडवा पडत होता. ओव्हिलाने दोन ताटल्या मांडल्या.

"खराब होता ना?" म्हातारा म्हणाला.

"होता."

"बाळ?"

"बरं आहे. घर डोक्यावर घेतलंय."

ओव्हिलाने पावाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आणि वरच्या खोलीत? मान वळवली का?"

नॉर्मंडने होकारार्थी मान हलवली.

"मला नुसती पाठ दिसली होती," ओव्हिला म्हणाला. "प्रत्येक वेळी. दर ऑक्टोबरात एका रविवारी जायचो मी तिथे, तुझ्या आईला न सांगता. बॉयलर बघून यायचो. गेली तीन वर्षं हे गुडघे जाऊ देत नाहीत."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं," नॉर्मंडने कबूल केलं. एवढ्यात दिवा मिचमिचला. दोघांनीही एकदम वर बघितलं. दिवा पुन्हा नीट लागला. दोघं वरच बघत राहिले. वारा खिडकीवर आदळला आणि दिवा गेला. रस्त्यावरचे दिवे गेले. टेकडीही काळी झाली. तळघरात त्यांच्या बॉयलरचा बर्नर बंद पडला आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातल्या रेडिएटरने हलकेच हवा आत ओढायला सुरुवात केली.

"तेलाचे बर्नर," अंधारात ओव्हिला म्हणाला. "वीज नाही तर वाफ नाही. वरच्या खोलीतही नाही."

नॉर्मंडने तोवर कोट चढवला होता. अवजारांची पिशवी दारापाशीच होती. त्याच्या डोळ्यांपुढे ताडपत्रीखाली नीट रचलेला ढीग होता, पुसलेलं फावडं होतं, तेल लावून भिंतीला टेकवलेल्या जाळ्या होत्या. तो कोळसा तिथे कुणी आणून ठेवला, हे त्याला आता बापाला विचारावं लागलं नाही.

"जाळ्या बसवायला अर्धा तास लागेल," तो म्हणाला.

"वीस मिनिटांत बसव," म्हाताऱ्याने सांगितलं.